जांभळं, छत्री आणि तीन सेंटीमीटर थर्माकोल

आमच्या गावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, ऐन वळणाला, एक जांभळीचं झाड आहे. मे संपत आला की त्याच्याखालचा डांबर जांभळा होतो. पडलेली जांभळं गाड्यांखाली चिरडतात, चिरेखाणीच्या डंपरांनी उडवलेली तांबडी धूळ त्यावर बसते आणि मग मिरगाचा पाऊस येतो. तो धो धो आला तर सगळं धुऊन नेतो. नुसता शिंतोडून गेला तर मात्र रस्त्यावर साबणासारखा थर तयार होतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका शिंतोड्यात माझी स्कूटर माझ्याखालून निघून गेली. वेग पंचवीससुद्धा नसेल. उजवा हात आपोआप पुढे गेला, सगळा भार तळव्यावर आला, मनगटात कळ गेली. गुडघा सोलला, पँट फाटली. त्याहून जास्त झोंबली ती एसटीच्या थांब्यावर बसलेल्या बायकांची नजर.

मनगट सुजलं, पण बोटं हलत होती आणि एक्स-रेत काही दिसलं नाही. 'मुरगळलंय' असं घरात एकमताने ठरलं. चोळून देणाऱ्या तिघांचे पत्तेही मिळाले. डॉक्टरांनी मात्र एक साधी गोष्ट केली. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी एक खळगा पडतो, तिथे बोट दाबलं. मी ओरडलो. त्यांनी मनगट बांधून दिलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. दुसऱ्या एक्स-रेत भेग स्पष्ट दिसली.

ते हाड म्हणजे स्कॅफॉइड. आकाराने काजूगराएवढं. ग्रीक नावाचा अर्थ होडीसारखं. गाडीवरून पडणाऱ्याने हात टेकला की तळव्याकडून आलेला भार या होडीच्या मध्यावर येतो आणि ती कमरेत मोडते. खरी अडचण पुढची. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं आणि तिथून ते मागे जातं. मध्येच भेग पडली की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. म्हणून ते सावकाश जुळतं, काही वेळा जुळतच नाही आणि काही वर्षांनी मनगट कायमचं दुखरं होतं. ताजी भेग केसासारखी बारीक असते, म्हणून पहिल्या एक्स-रेत निसटते. दहा-पंधरा दिवसांत तिच्या कडा थोड्या झिजतात, तेव्हा ती दिसते. चोळून घेतलं असतं, तर जुळू पाहणारे तुकडे मीच हलवत बसलो असतो.

हात पुढे जाणं आपल्या हातात नाही, शरीर ते आपसूक करतं. आणि शरीराचं म्हणणं चुकीचंही नाही. त्याला थांबायला जागा हवी असते. गाडी अडते किंवा घसरते, तरी आपण त्याच वेगाने पुढे जात असतो आणि तो वेग कुठेतरी संपवावा लागतो. लांब अंतरात संपला तर खरचटण्यावर निभावतं, थोडक्यात संपला तर हाड जातं. हाताने नाही झेललं तर धक्का खांद्यात पोचतो आणि हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडते. वेग दुप्पट झाला की संपवायची ऊर्जा चौपट होते. 40 वरून 60 वर जाताना ती सव्वादोन पट होते.

ही जागा पहिल्यांदा रस्ता देतो. आपल्याकडचं माप लावायचं तर एक एसटी साधारण 11 मीटर लांब धरू. ताशी 60 ने जाताना समोर म्हैस दिसली, तर ब्रेककडे बोटं जाईपर्यंतच्या एका सेकंदात दीड एसटी संपते. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर पुढे आणखी सुमारे 20 मीटर. ओल्या रस्त्यावर तेच 35 मीटरच्या आसपास. म्हणजे ओल्यात सगळं मिळून जवळजवळ पाच एसट्या एकामागे एक. पावसाळ्यात रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, आणि काळी म्हैस, काळा रस्ता, समोरच्या गाडीचा फुल लाइट अशा वेळी पाच एसट्यांच्या अंतरावरून म्हैस दिसत नाही. ताशी 40 ला हाच हिशोब ओल्यात अडीच एसट्यांवर येतो. म्हणून मी पावसात 40 च्या वर जात नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू देतो.

ओल्या रस्त्यापेक्षाही फसवी जागा म्हणजे ओल्या रस्त्यावरचं काहीतरी. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्याने जाताना सुरूची वाळलेली पानं पडलेली असतात. त्या बारीक काड्या टायरखाली रुळासारख्या फिरतात. हर्णैसारख्या बंदराच्या वाटेवर मासळीच्या टेम्पोतून पाणी गळतं, त्यात तेलकट चिकटा असतो. घाटात वळणावर बारीक खडी, पुलाच्या सांध्यांवरचं ओलं लोखंड, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, सावलीतल्या रस्त्याच्या कडेचं शेवाळ. अशा जागी गाडी आडवी होते ती बहुधा गाडी झुकलेली असताना ब्रेक दाबल्याने. टायरला मिळणारी पकड ठरावीक असते. ती वळायला वापरायची की थांबायला, एवढंच आपण ठरवतो. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा.

'पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते' हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की अनेक जण तो वापरतच नाहीत. खरं तर ब्रेक लागताच बराचसा भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचं हलकं होतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर अंतर दुपटीच्या जवळ जातं. पुढचा ब्रेक हिसका न देता, दाब वाढवत लावायचा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली, ती याचसाठी.

आता छत्री. आमच्या शेजारच्या काकू मुलाच्या मागे एका बाजूला बसायच्या, मांडीवर पिशवी, हातात उघडी छत्री. असं दृश्य कोकणात दर पावसात दिसतं. मीटरभर व्यासाची छत्री ताशी 40 च्या वाऱ्यात पुढे धरली, तर फुगीर बाजूवर साधारण अडीच किलोचा रेटा येतो. तो हाताला झेपतो. पण वळणावर वारा फिरला आणि छत्रीच्या आत शिरला, की तीच छत्री 8 किलोच्या आसपास मागे ओढते, तेही एका झटक्यात. समोरून 20 चा वारा असेल तर 18-19 किलो. माणूस तेव्हा छत्री सोडत नाही, उलट घट्ट धरतो. एका बाजूला बसलेल्याला पाय रोवायला जागा नसते, म्हणून तो मागच्या मागे, डोक्याच्या पाठीमागच्या बाजूवर पडतो. काकूंना मी हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी विचारलं, "मग भिजू?" मी म्हटलं, रेनकोट. त्या म्हणाल्या, साडीवर? यावर माझ्याकडे गणित नव्हतं. शेवटी कमरेखालपर्यंत येणारा सैल जाकीट घेतला, साडीचा पदर आत. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं ते सांगावं लागलं नाही, त्यांनी पाहिलेलं होतं.

डोकं सर्वांत महाग. गाडी जागेवर उभी असताना नुसतं कलंडून पडलं, तरी दीड मीटरवरून डोकं जमिनीवर आदळतं ते ताशी 19-20 किलोमीटर वेगाने. कवटीला आणि रस्त्याला मिळून थांबायला मिळतात जेमतेम तीन मिलिमीटर. हेल्मेटच्या आतला थर्माकोल चेपतो आणि तीन सेंटीमीटर देतो. जागा दहापट, म्हणून धक्का दहावा हिस्सा. हेल्मेटचं सगळं विज्ञान या थर्माकोलात आहे, वरची टोपी तो फुटून विखरू नये म्हणून. एकदा चेपला की तो परत फुगत नाही, म्हणून एका जोरदार आपटीनंतर बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी हेल्मेट टाकून द्यायचं.

दुचाकीच्या हेल्मेटच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली ती मे 1935 मधल्या एका अपघाताने. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून उडाला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने त्यांना या विषयाकडे वळवलं आणि 1941 मध्ये त्यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमा व हेल्मेट यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी घटतो. भारतात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची.

कायदा मागे बसलेल्यालाही हेल्मेट सांगतो आणि चार वर्षांवरच्या पोरालाही. आयएसआय शिक्का पाहा, आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं. कोपरात अडकवलेल्या हेल्मेटने कोपर मात्र सुरक्षित राहतं.

दुचाकीच्या अपघातांत सर्वाधिक इजा पायांना होते: नडगी, घोटा, गुडघा. नडगीवर मांस कमी, म्हणून हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि तांबडी माती आत शिरते. घोटा झाकणारा बूट बराच फरक पाडतो, पण पावसात सगळे रबरी चपलेत असतात, मीसुद्धा असतो.

कुणी पडलेलं दिसलं तर आपल्याकडे लोक धावतात, ही फार चांगली सवय. फक्त धावल्यावर लगेच उचलून बसवू नका आणि पाणी पाजू नका. मानेला मार असेल तर उचलण्यानेच कण्यातला मज्जारज्जू दुखावू शकतो. श्वास नीट असेल तर हेल्मेटही काढू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा. पोलिसांच्या झंझटीची भीती असते, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

आणि एका माणसावर खास लक्ष ठेवा. पडला, क्षणभर बेशुद्ध झाला, उठला, कपडे झटकले, टपरीवर चहा प्यायला आणि "काय झालं नाय मला" म्हणत गाडीला किक मारतोय, तो. कानशिलाच्या पातळ हाडामागून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत राहतं. ते साचेपर्यंत माणूस अगदी शुद्धीत बोलतो, काही तासांनी डोकं ठणकायला लागतं, उलटी होते, गुंगी येते. सीटी स्कॅन जिथे होतो ते रुग्णालय आपल्या गावापासून दीड-दोन तासांवर असतं. तेव्हा गुंगीची वाट न बघता, तो चहा पीत असतानाच गाडी बोलवायची. तो चिडेल. चिडू दे.