जीभ वळत नाही की कान?

आमच्या कोळशाच्या खाणींच्या वणी तालुक्यात कुणी परदेशी निघाला की तो पेढे वाटतो आणि गाव त्याला सल्ले वाटतं. माझा पुतण्या छत्तीस वर्षांचा, आयटीआय झालेला वेल्डर. आजवर कोळशाच्या ट्रकांच्या बॉड्या जोडल्या, आता होळीनंतर रशियात कामाला जायचंय. निदान दुकानात काही मागता यावं म्हणून त्यानं मोबाइलवर रशियनचे धडे सुरू केले. ओट्यावरच्या मंडळींनी लगेच निकाल दिला, "या वयात जीभ वळत नाही." शेजारच्या आजींनी तर वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, लहानपणी राहून गेलं असेल म्हणे! वेखंडानं जीभ चुणचुणते, भाषा येत नाही. आणि मुळात यात बिचाऱ्या जिभेचा दोष कमीच आहे.

एका संध्याकाळी त्यानं मला दोन शब्द ऐकवले. रशियनमध्ये कोपऱ्याला 'ऊगल' म्हणतात आणि कोळशालाही 'ऊगल'च. फरक फक्त शेवटच्या ल चा. "काका, हे दोन्ही एकच तं हायेत!" त्यानं दहा वेळा वाजवलं, मलाही एकच वाटलं. वणीच्या माणसाला कोळसा ओळखू येऊ नये, ही जरा नामुष्कीच.

रशियनमधली बहुतेक व्यंजनं जोडीनं येतात, एक जड आणि एक मऊ. (शाळेच्या व्याकरणातले कठोर-मृदू वर्ण वेगळे, ते इथे आणू नका.) मऊ ल म्हणताना जिभेचं टोक नेहमीसारखं पुढे टेकतं, पण त्याच क्षणी जिभेचा मधला भाग 'ई' म्हणताना उचलतो तसा टाळूकडे जातो. आपण 'ल्य' म्हणतो तेव्हा आधी ल येतो, मागून य. इथे दोन्ही एकाच वेळी. जड ल मध्ये उलट जिभेचं बूड मागे उचललं जातं आणि मधला भाग खोलगट होतो.

आता हा फरक कानाला कळतो कशावरून? नळाखाली घागर भरताना न बघताही ती भरत आल्याचं कळतं, कारण वरची हवेची पोकळी लहान होत जाते तसा आवाज बारीक होत जातो. तोंडाचंही तेच. जिभेमुळे तोंडात पोकळ्या तयार होतात, प्रत्येक पोकळी ठरावीक कंपनं मोठी करते. यालाच अनुनाद म्हणतात. जीभ पुढे-वर गेली की पुढची पोकळी आखडते आणि खालून मोजत दुसऱ्या क्रमांकाचा अनुनाद वर चढतो. १९५२ साली अमेरिकेत झालेल्या मोजणीत पुरुषांच्या 'ई'मध्ये तो सरासरी २२९० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) भरला, 'ऊ'मध्ये ८७०. मऊ व्यंजन आलं की शेजारच्या स्वराचा दुसरा अनुनाद 'ई'च्या दिशेला ओढला जातो, जड व्यंजनापाशी तो खालीच राहतो. म्हणजे ल मऊ की जड, याची चुगली बरेचदा शेजारचा स्वर करतो. 'ऊगल'मध्ये ल नंतर स्वरच नाही आणि आधीचा स्वर अगदी पुसट, म्हणून ही जोडी विशेष छळते.

हवेतला हा फरक पुतण्याच्या कानापर्यंत नीट पोचतो. तो वाया जातो मेंदूत. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आवाज बदलल्यावर मान वळवली की खेळणं दिसायचं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र ते जवळपास जमेना. वर्ष भरायच्या आत मेंदू घरच्या भाषेचे कप्पे पाडतो आणि घरी कामाला न येणारा फरक दुर्लक्षायला शिकतो.

याचा गावरान पुरावा मी शिक्षक म्हणून तीस वर्षं तपासला आहे. वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोया, काया, केयं. पहिलीतली पोरं श्रुतलेखनात 'फळा' ऐकून बिनदिक्कत 'फया' लिहायची. ती बहिरी नव्हती आणि ढ तर मुळीच नव्हती. त्यांच्या घरी दोन आवाजांना कप्पा एकच होता.

कप्पे मोठेपणी पाडता येतात का? १९९१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात जपानी प्रौढांना इंग्रजी र आणि ल ओळखायला शिकवलं गेलं. युक्ती साधी होती. शब्दांच्या जोड्या अनेक माणसांच्या आवाजात ऐकवायच्या, उत्तर घ्यायचं, चूक की बरोबर लगेच सांगायचं. एकाच बाईचा आवाज ऐकला तर मेंदू त्या बाईलाच पाठ करतो. पाच जणांचा ऐकला तर पाचांत समान काय आहे ते शोधावं लागतं. ओळखणं सुधारलं. पुढे १९९७ च्या अभ्यासात असं दिसलं की असंच ऐकवलेल्या दुसऱ्या जपानी प्रौढांचे उच्चारही, उच्चाराचा सराव न देता सुधारले. कान वळला, मागून जीभ वळली.

बाकी बाबतीत मराठी माणसाची निम्मी तयारी झालेली असते. तीन लिंगं आपल्याकडे आहेत, विभक्तीनं शब्द बदलण्याची सवय आहे. 'अना पिला चाय' म्हणजे 'ती चहा प्याली'. वऱ्हाडी माणसाला तर हे भाषांतराशिवाय कळावं. फक्त तिकडे 'पिला' स्त्रीलिंगी! असं काही दिसलं की व्हॉट्सॲपवर 'रशियन संस्कृतातून निघाली' असा संदेश फिरतो. निघालेली नाही. दोन्ही एका जुन्या, लिहून न ठेवलेल्या भाषेच्या लेकी. पिण्याचा 'पि' खरोखर सख्खा आहे, पण शेवटचा 'ला' नाही. आपला ल प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययातून आलाय, त्यांचा वेगळ्या वाटेनं. आणि 'चाय' तर दोघांनीही चीनकडून उचललेला.

त्रास होतो आघाताचा. 'ख्लोपक' असा पहिल्या अक्षरावर जोर दिला तर कापूस, 'ख्लपोक' असा दुसऱ्यावर दिला तर टाळी. लिहायला दोन्ही सारखेच.

'तीस दिवसांत रशियन'च्या जाहिरातींबद्दल एवढंच सांगतो, अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी-भाषक अधिकाऱ्यांना रशियनसाठी सुमारे ११०० तास वर्गात बसवतं. रोज एक तास धरला तर तीन वर्षं.

पुतण्याकडे होळीपर्यंतच वेळ आहे. त्यानं वेगवेगळ्या रशियन माणसांच्या आवाजातले शब्द मोबाइलमध्ये उतरवून घेतलेत, विषम नंबर कोपरा, सम नंबर कोळसा. रात्री अंगणात सूनबाई तुरीच्या शेंगा सोलत बसते, आवाज वाजवते, नंबर पाहून 'बरोबर' किंवा 'चुकलं' म्हणते. पहिल्या आठवड्यात त्याचं उत्तर म्हणजे छापा-काटाच होता. आता बऱ्यापैकी लागतात. परवा एका म्हाताऱ्याच्या खरखरीत आवाजावर तो अडला. मीही अडलो. सूनबाईनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि नंबराकडे न बघताच म्हणाली, "कोयसा."