धूर नसताना वाजणारा अलार्म

दिवाळीच्या आगेमागे खान्देशात जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्या) सुरू झाल्या की आसपासच्या गोदामांत, ऑफिसांत कापसाचा फुफाटा उडू लागतो. जळगावच्या एमआयडीसीत जोडीला डाळ मिलचा भुसाही असतो. मग छतावरचे स्मोक डिटेक्टर विनाकारण कोकलतात. "हाई ते रोजनंच शे, भाऊ," म्हणत वॉचमन हूटर बंद करतो. आणि बंद केलेला हूटर बंदच राहतो.

व्यावसायिक इमारतींत आता बहुतेक प्रकाशावर चालणारे डिटेक्टर असतात. आत एक काळी, बाहेरचा उजेड न शिरणारी छोटी पोकळी. तिच्यात इन्फ्रारेड एलईडी आणि सेन्सर, पण मुद्दाम तिरके बसवलेले, त्यामुळे एलईडीचा प्रकाश सेन्सरवर थेट पडत नाही. धूर शिरला की कणांवर आदळून प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरला मिळतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की अलार्म होतो. गोची अशी की प्रकाश विखुरायला धूरच लागतो असं नाही. धुराचा कण बहुधा एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान, कापसाचा तंतू 10 ते 20 मायक्रॉन जाड. साध्या सेन्सरला दोन्ही सारखेच. शिवाय काळ्या भिंतींवर धूळ बसली की त्या भिंतीच प्रकाश परतवतात. मग कॅन्टीनमधली मिरचीची फोडणीही पुरते. कोळ्यानं आत जाळं विणलं तरी तेच.

याची उलटी बाजू जास्त वाईट, कारण ती ऐकू येत नाही. किडे अडवणारी बारीक जाळी तंतूंनी बुजली तर धूर आत जाणार कुठून? सगळे डिटेक्टर ज्याला जोडलेले असतात त्या अलार्मच्या पॅनलवर मात्र सगळं ठीक दिसतं. चुंबक लावून किंवा बटण दाबून केलेली टेस्ट फक्त आतलं सर्किट तपासते. धूर आत पोचतो का, हे त्यासाठीच्या टेस्ट स्प्रेनेच कळतं. उदबत्ती किंवा विडी धरू नये, तिचा चिकटा आतच राहतो.

सफाईआधी सगळ्यांना कल्पना देऊन पॅनलवर तो झोन, म्हणजे त्या भागातले डिटेक्टर, आयसोलेट (तात्पुरता बंद) करायचा. मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमनं जाळीची धूळ ओढायची. ओलं फडकं नको आणि कारखान्यातला कॉम्प्रेसर तर नकोच. त्याच्या हवेत पाणी-तेल असतं आणि धूळ आणखी आत ढकलली जाते. नंतर स्प्रे टेस्ट, आणि झोन पुन्हा चालू. हा शेवटचा भाग हमखास विसरला जातो. रंगकामात लावलेली प्लॅस्टिकची टोपीसुद्धा अशीच महिनोन्‌महिने राहते.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारी आणि जुलैत आगीपासूनची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचं असतं. जानेवारीत तर आपल्याकडे जिनिंग भरात असते. त्या कागदाच्या भरवशावर जुलैपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात, आणखी एक सफाई हवीच.

आणि जिथे धूळ हटणारच नाही, तिथे स्मोक डिटेक्टरचा हट्ट कशाला? पुष्कळदा तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर बरा, जरी तो धुरापेक्षा उशिरा जागा होतो. फक्त नेहमीचा, 57 अंश सेल्सिअसला वाजणारा, डोळे झाकून घेऊ नये. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ किती तापमान असतं, ते आधी थर्मामीटर लावून मोजावं आणि त्याच्या बऱ्याच वरचा डिटेक्टर मागवावा.