बोटीचा पंखा अल्युमिनियमचा की स्टीलचा? या वादाची पार्श्वभूमी

मागच्या उन्हाळ्यात हिडकलकडचा एक दोस्त बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपला आला, गोणपाटात गुंडाळलेला बोटीच्या मशीनचा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बघ की गा, सरळ हाय काय हे." शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवला, वाकडेपणा मोजणारा डायल गेज टेकवला, हातानं हळू फिरवला तर काटा पाव मिलिमीटरच्या पुढं जाऊन परत यायला लागला. सरळ कुठला, चांगला वाकला होता. शाफ्ट वाकला की पाणी अडवणारं रबरी सील खातंय, सील गेलं की गिअरच्या तेलात पाणी शिरतंय, आणि डब्यातनं दाखवायला आणलेलं तेल खरंच दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसत होतं. गंमत अशी की ज्या पंख्यामुळं हे झालं तो स्टेनलेस स्टीलचा पंखा एकदम चकाचक, एका पात्याच्या टोकाला नखाएवढा ओरखडा, बस्स.

प्रोपेलरला पाण्यावरची माणसं पंखाच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. ह्यानं मशीनबरोबर आलेला अल्युमिनियमचा पंखा काढून तिप्पट-चौपट पैसे घालून स्टीलचा लावला होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की स्टील लाव, आयुष्यभर बघायला नको. आणि आपटला कुठं, तर बॅकवॉटरमधे, हुन्नूरच्या बाजूला. हिडकल धरणात घटप्रभेचं पाणी अडवल्यावर जुनं हुन्नूर पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. पण देवळाच्या आसपासच्या जुन्या दगडी भिंती पाण्याखाली दीड-दोन फुटांवर असतात तेव्हा त्या कुणाला दिसत नाहीत, त्या फक्त पंख्याला लागतात.

तर स्वस्त की महाग हा प्रश्न सगळे विचारतात, पण हे दोन पंखे मुळात वेगवेगळ्या घरात जन्मलेत आणि वेगवेगळ्या कामासाठी जन्मलेत हे माहीत असलं की अर्धा वाद तिथंच मिटतो.

सुरुवात स्क्रूपासनं. 1836 साली इंग्लंडमधे फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका मेंढरं पाळणाऱ्या शेतकऱ्यानं पाण्यातल्या स्क्रूचं पेटंट घेतलं, त्याच वर्षी थोड्या आठवड्यांनी जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनंही घेतलं. स्मिथचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा, लांबलचक. 1837 ला पॅडिंग्टनच्या कालव्यात बोट चालवताना तो कशाला तरी आपटला, अर्धा तुटून गेला, आणि बोट थांबायच्या ऐवजी जास्त जोरात पळायला लागली! म्हणजे पंख्याचा आकार सुधारण्यात पहिली मोठी झेप आपटल्यामुळं मिळाली, हे मला फार आवडतं. मग 1845 मधे ब्रिटिश नौदलानं रॅटलर हे स्क्रूचं जहाज आणि अलेक्टो हे बाजूच्या चाकांचं जहाज शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली, दोघांची ताकद साधारण सारखी, तरी रॅटलरनं अलेक्टोला अडीच नॉट, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास वेगानं उलटं ओढत नेलं. चाकवाल्यांचा विषय संपला.

त्यावेळी स्वस्त-महाग असला प्रश्नच नव्हता. तो वेगाबरोबर आला. 1894 ला चार्ल्स पार्सन्सनं टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया बोट बांधली, ताकद भरपूर, पण पाहिजे तेवढी पळेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की पात्यावरचा दाब कमी होऊन पाणी गार असतानाच उकळायचं, बुडबुडे व्हायचे आणि पंखा पाण्याच्या ऐवजी बुडबुड्यातच फिरत बसायचा. याला कॅव्हिटेशन म्हणतात, आणि हे बुडबुडे फुटताना धातूला अक्षरशः टोचतात, जुन्या पंख्यावर देवीच्या व्रणासारखे खड्डे दिसतात ते त्याचेच. पार्सन्सनं त्यासाठी टाकी बांधून अभ्यास केला आणि शेवटी एका पंख्याच्या जागी तीन शाफ्टवर नऊ पंखे बसवले. 1897 ला राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी नौदल परेडमधे ही बोट न बोलावता घुसली आणि 34 नॉटच्या वर पळून सगळ्यांना दाखवून गेली. तेव्हापासनं कळलं की वेग पाहिजे असेल तर पातं पातळ, गुळगुळीत आणि मापात तंतोतंत पाहिजे. महाग पंख्याचं घराणं ते हे.

स्वस्त पंख्याचं घराणं वेगळं. 1909 ला अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूडनं बोटीच्या मागं टांगायचं दीड हॉर्सपॉवरचं मशीन विकायला काढलं, वजन 62 पौंड, म्हणजे 28 किलो. हे घेणारी माणसं कोण, तर तळ्यात गळ टाकणारी, उथळ पाण्यात, लाकडं-दगडं असलेल्या ठिकाणी फिरणारी. तिथं पंखा आपटणार हे धरूनच चालायचं. म्हणून अशा मशीनमधे शिअर पिन आली, पंखा कशाला अडकला की पिन तुटायची आणि मशीन वाचायचं, खिशात दोन पिना ठेवल्या की काम झालं. आपल्याकडं ज्यांच्याकडं रोटाव्हेटर आहे त्यांना हे सांगायला नको, दगड लागला की बोल्ट तुटतो आणि आपण शिव्या घालत बोल्ट बदलतो, पण गिअरबॉक्स वाचलेला असतो.

पुढं पिनेची जागा पंख्याच्या मधल्या रबरी बुशानं घेतली, आता बऱ्याच पंख्यात प्लास्टिकची बदलता येणारी स्लीव्ह असते. आणि मशीनं मोठी होत गेली, लाखांनी खपायला लागली, तेव्हा पंखाही स्वस्तात आणि भराभर पाहिजे होता, त्यासाठी अल्युमिनियम डायकास्टिंग सोयीचं पडलं. तो पंखा मऊ असतो ही लोकांची तक्रार असते, पण मऊपणाच त्याचा गुण आहे. स्वतः वाकतो, तुकडा उडतो, आणि आतला शाफ्ट सोडून देतो. फ्यूजच म्हणा की.

आता इथं मी जरा थांबतो कारण हे आपल्या धंद्यातलं आहे. बेळगावात ओतकाम लहानपणापासनं बघत आलोय, उद्यमबाग काय, मच्छे काय, दर चार शेड सोडून फाउंड्री. अल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं. ते पोलादी डायमधे दाबानं मारायचं, गार झालं की डाय उघडायची, पंखा बाहेर, एकाच डायमधनं असे हजारो निघतात, मागनं किरकोळ घासणं, रंग, संपलं. स्टेनलेसचा चांगला पंखा बहुतेक मेणावर होतो. म्हणजे प्रत्येक पंख्यासाठी एक मेणाचा पंखा करायचा, तो सिरॅमिकच्या रबडीत बुडवायचा, वाळवायचा, परत बुडवायचा, असे थरावर थर चढवायचे, मग मेण वितळवून काढायचं, कवच भट्टीत भाजायचं आणि त्यात 1600 डिग्रीच्या आसपासचं स्टील ओतायचं. मोहेंजोदडोची नर्तकी ज्या पद्धतीनं झाली त्याच पद्धतीची ही आजची आवृत्ती. कवच फोडल्यावर खरी मेहनत सुरू होते, ग्राइंडिंग, पात्याची जाडी बघणं, मागच्या कडेला बारीक वळण देणं, बॅलन्सिंग, पॉलिश, आणि यातलं बरंच माणसाच्या हातावर चालतं. पैसे जातात ते या हाताला. स्टेनलेस हा धातू म्हणून काही काल आलेला नाही, 1913 ला शेफील्डमधे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता त्यातनं तो पुढं आला, पण पंख्यात तो आधी शर्यतवाल्यांनी उचलला आणि साध्या बोटवाल्यांपर्यंत नंतर पोचला.

यात एक मेख आहे. बाजारात स्वस्त स्टीलचे पंखेही मिळतात, चकाकी तीच, पण एका पात्याचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. माझ्या टेबलावर असा एक आला होता, तीन पात्यांचे पिच, म्हणजे पात्याचा तिरकेपणा, तीन तऱ्हेचे, लावला की बोट थरथरायची. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा अल्युमिनियमचा परवडला.

स्टीलचा फायदा खराच आहे बरं का, मी नाकारत नाही. स्टील कडक म्हणून पातं पातळ करता येतं, पातळ पातं पाणी कमी घासतं, आणि फुल थ्रॉटलला अल्युमिनियमचं पातं जसं किंचित लवतं तसं ते लवत नाही. पण पिच चुकला असेल तर हे सगळं पाण्यात. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात लाकडात स्क्रू शिरावा तसा किती इंच पुढं जाईल ते. दोस्ताचं मशीन 40 हॉर्सपॉवरचं, पंखा 13 पिचचा, मशीन 5000 फेरे, गिअर 2:1 म्हणजे पंख्याचे 2500 फेरे, गुणिले 13 इंच, ताशी जवळजवळ 50 किलोमीटर होतात. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, 15-20 टक्के घसरण धरली की राहिले 40-42. पिच 1 इंचानं बदलला की मशीनचे 150 ते 200 फेरे कमी-जास्त होतात. ह्यानं स्टीलच्या नादात 2 इंच पिच वाढवून घेतला होता, जास्त वेग मिळेल म्हणून, आणि चार माणसं बसली की मशीन वरच्या फेऱ्यात जाईचना. पैसे घालून बोट जड करून घेतली असं झालं ते.

आमच्या बेळगावचंच एक उदाहरण आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला इथं सायकलचं दुकान टाकलं, 1903 ला लोखंडी नांगर काढला, तर शेतकरी घेईनात, लोखंडानं जमिनीत विष उतरेल म्हणायचे. त्या विषाच्या समजुतीवर आपण हसतो, पण लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत नीट करून देत होता हेही खरं आहे. पंख्याचंही तेच. अल्युमिनियमचं पातं वाकलं तर आमच्यासारखा कोणीही ठोकून, टिग वेल्डिंग करून, घासून चालवून देतो. स्टीलचं पातं वाकलं तर तसलं काम करणारा शोधत गोवा नाहीतर मुंबई गाठा.

माझा मेव्हणा मालवणला पर्यटकांची बोट चालवतो, तो दोन्ही वापरून बसलाय. त्याला फोनवर हिडकलची गोष्ट सांगितली तर लगेच म्हणाला, "खडपार आपटलो तर स्टीलचो पंखो ऱ्हवता रे, आतलो शाफ्ट वाकता." त्याच्याकडं खोल पाणी, दिवसाला वीस फेऱ्या, किनाऱ्याला वाळू उडते ती अल्युमिनियमच्या कडा खाते, म्हणून तो स्टीलच लावतो आणि ते बरोबरच आहे, फक्त खाऱ्या पाण्यात स्टील आणि अल्युमिनियम शेजारी आले की गंजतं अल्युमिनियम, म्हणून मशीनला लावलेला झिंकचा तुकडा, जो त्याच्याऐवजी स्वतः गंजतो, वेळेवर बदलायला लागतो. आमच्याकडचं पाणी वेगळं. 2019 ला आणि 2021 ला कृष्णा चढली तेव्हा चिकोडी-रायबागकडं बोटी उसाच्या फडावरनं चालल्या होत्या, खाली काटेरी तारा, पंपाचे पाइप, कुंपणाचे खांब, तिथं पंखा किती महाग आहे यापेक्षा बोटीत दुसरा पंखा आणि पाना आहे का हे आधी बघावं लागतं.

दोस्ताचा शाफ्ट शेवटी नवीनच घालावा लागला, सील आणि तेलासकट, आणि ते बिल स्टीलच्या पंख्यापेक्षा जास्त झालं. पंखा त्यानं विकला नाही. आता पावसाळा संपून धरण भरलं की तो स्टीलचा चढवतो, पिच कमी करून आणलाय. फेब्रुवारी लागला की परत अल्युमिनियमचा, आणि त्याचाच एक भाऊ गोणपाटात गुंडाळून फळीखाली. परवा फोनवर म्हणाला, "शिखर दिसायला लागलं गा, आज बदलला."