डायआयसोसायनेट : हवेतील मर्यादांमागची पार्श्वभूमी

आयसोसायनेट गटाची (नायट्रोजन, कार्बन व ऑक्सिजन यांच्या एनसीओ या अणुगटाची) संयुगे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रसायनशास्त्राला ठाऊक होती. पण त्यांना औद्योगिक महत्त्व आले ते १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेन येथे त्यांपासून बनणाऱ्या पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा शोध लागल्यानंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर मऊ फोमसाठी टीडीआय (टोल्युइन डायआयसोसायनेट), कडक फोम व चिकटद्रव्यांसाठी एमडीआय (मिथिलीन डायफिनाइल डायआयसोसायनेट) आणि वाहनांच्या रंगांच्या हार्डनरसाठी एचडीआय (हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट) या, रेणूत दोन आयसोसायनेट गट असलेल्या डायआयसोसायनेटांचा वापर वाढत गेला. टीडीआय हाताळणाऱ्या कामगारांमधील श्वसनविकारांची नोंद फ्रान्समध्ये १९५१ सालीच झाली होती, म्हणजे धोका उशिरा लक्षात आला असे म्हणण्यास जागा नाही.

आयसोसायनेट म्हटले की डिसेंबर १९८४ मधील भोपाळ आठवणे स्वाभाविक आहे. तेथे गळती झाली ती मिथाइल आयसोसायनेटची. हे द्रव सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळते आणि म्हणूनच ते वायुरूपाने वस्तीवर पसरू शकले. टीडीआयचा उत्कलनबिंदू सुमारे २५१ अंश आहे, तर शुद्ध एमडीआय सामान्य तापमानाला घनरूप असते. एवढ्यावरून ही रसायने सौम्य आहेत असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. एमडीआय तापवले किंवा फवारले की त्याची वाफ आणि सूक्ष्म तुषार सहज श्वासात जातात. टीडीआयचा वास नाकाला जाणवेपर्यंत हवेतील प्रमाण आजच्या शिफारशींच्या कितीतरी पुढे गेलेले असते. त्यामुळे वासावर विसंबून काम करणारा माणूस प्रत्यक्षात कोणत्याही इशाऱ्याविना काम करत असतो.

हवेत किती प्रमाण चालावे, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे शिफारस आणि कायदा यांच्यात वाढत गेलेल्या अंतराचा इतिहास आहे. १९५०च्या दशकात टीडीआयसाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संघटनेची ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही शिफारस होती. पुढल्या दशकाच्या प्रारंभी ती ०.०२ वर आली. अमेरिकेने १९७१ साली कायदेशीर मर्यादा ठरवताना १९६८च्या शिफारशींची यादी उचलली आणि ०.०२ पीपीएम ही क्षणभरही ओलांडू नये अशी कमाल मर्यादा कायद्यात आली. तीही केवळ टीडीआयच्या २,४ या समघटकापुरती (समघटक म्हणजे तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेले रूप). बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या मिश्रणात सुमारे पाचवा भाग २,६ समघटकाचा असूनही त्याची नोंद कायद्यात झाली नाही. १९८३ मध्ये शिफारस आठ तासांच्या सरासरीसाठी ०.००५ पीपीएमपर्यंत उतरली, आणि १९८९ मध्ये अमेरिकी नियामकांनी शेकडो पदार्थांच्या मर्यादा एकाच नियमाने सुधारताना टीडीआयसाठीही तोच आकडा स्वीकारला.

हा नियम तीनच वर्षे टिकला. त्याला उद्योगांनी आव्हान दिले, तसेच काही मर्यादा पुरेशा कडक नाहीत म्हणून कामगारांच्या बाजूनेही दिले. १९९२ साली अपील न्यायालयाने तो संपूर्ण नियम रद्द केला. प्रत्येक पदार्थापासून लक्षणीय धोका आहे आणि सुचवलेली मर्यादा पाळणे उद्योगांना शक्य आहे, हे स्वतंत्रपणे दाखवलेले नाही, असे त्याचे कारण होते. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद सुसंगत आहे हे मान्य करावे लागते. तरीही त्याचा परिणाम असा झाला की ज्याच्या धोक्याबद्दल फारसा वाद उरलेला नव्हता असे टीडीआयही इतर सर्व पदार्थांबरोबर जुन्या आकड्यावर परत गेले. २०१६ मध्ये शिफारस ०.००१ पीपीएमपर्यंत खाली आली, पण कायद्यातील ०.०२ तसाच राहिला. एकाच रसायनासाठी दोन आकडे, त्यांपैकी एक कोणत्याही क्षणी न ओलांडायच्या कमाल पातळीचा आणि दुसरा दिवसभराच्या सरासरीचा. त्यांची सरळ तुलना करता येत नाही, आणि व्यवस्थापनाला सोयीचा आकडा निवडण्याची मोकळीक मिळते.

युरोपाने वेगळा मार्ग धरला. तेथील तज्ज्ञांच्या परीक्षणात असे दिसले की ज्याखाली कोणालाही दमा होणार नाही अशी निश्चित पातळी डायआयसोसायनेटसाठी सांगता येत नाही. म्हणून २०२० मध्ये आधी प्रशिक्षणाची अट आली : ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त (म्हणजे अभिक्रिया न झालेले) डायआयसोसायनेट असलेले उत्पादन औद्योगिक वा व्यावसायिक कामासाठी वापरणाऱ्याने २४ ऑगस्ट २०२३ पूर्वी प्रशिक्षण पूर्ण करणे आणि ते दर पाच वर्षांनी पुन्हा घेणे बंधनकारक झाले. मर्यादा त्यानंतर, २०२४ मध्ये ठरली. ती एकेका संयुगासाठी नसून हवेतील एनसीओ गटांच्या एकूण वस्तुमानावर आधारलेली आहे : आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ६ मायक्रोग्रॅम आणि अल्पकाळासाठी १२. टीडीआयच्या हिशेबात ६ मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ०.००१७ पीपीएम. ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत मात्र १० आणि २० हे सैल आकडे चालणार आहेत. निर्धोक पातळीच माहीत नसताना ही सवलत कामगारांच्या फुप्फुसांच्या खर्चाने दिली गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हवेतील आकड्यांच्या या वादात दोन गोष्टी मागे पडल्या. एक म्हणजे त्वचा. त्वचेला झालेल्या स्पर्शानेही शरीर संवेदनशील होऊ शकते, म्हणजे त्या रसायनाची ॲलर्जी जडू शकते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. युरोपच्या नव्या मर्यादेला त्वचेविषयीचा इशारा जोडला गेला आहे तो यामुळेच. एकदा संवेदनशीलता आली की मर्यादेच्या बऱ्याच खालच्या प्रमाणानेही दम्याचा झटका येतो, कधी कामाची पाळी संपल्यावर काही तासांनी, रात्री. अशा व्यक्तीला त्या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे लागते. दुसरी गोष्ट पाण्याची. डायआयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे ओल शिरलेला ड्रम घट्ट बंद केल्यास दाब वाढून फुटू शकतो. सांडलेले द्रव शोषून घेतल्यावर सोडियम कार्बोनेट आणि डिटर्जंट यांच्या सौम्य द्रावणाने निष्क्रिय करतात आणि तो कचरा निदान दोन दिवस झाकण न आवळता, हवेशीर जागी ठेवतात.