खताच्या गोणीवरचं अनुदान: तुम्ही किती देता, सरकार किती भरतं

हवेली, दौंड, पुरंदर, शिरूरकडून आमच्या दुकानात येणारे शेतकरी खरिपाच्या तोंडावर विचारतातच, "१०:२६:२६ हे मिश्र खत एवढं महागलं, मग युरिया तेवढ्यालाच कसा?" काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

युरियाचा दर केंद्र सरकार स्वतः ठरवतं. नीम कोटेड (कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेल्या) युरियाची ४५ किलोची गोणी करासह साधारण २६६ रुपये ५० पैशांना मिळते. मूळ दर कित्येक वर्षं हललेला नाही. युरियाचे कारखाने नैसर्गिक वायूवर चालतात. वायू महागला, तरी खर्च आणि विक्रीदर यांतला सगळा फरक सरकार कंपनीला देतं.

डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत), पोटॅश, सुपर फॉस्फेट आणि मिश्र खतांचं गणित वेगळं आहे. १ एप्रिल २०१० पासून त्यांना नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांच्या किलोमागे ठरावीक अनुदान मिळतं. अनुदान ठरलेलं, दर मात्र कंपनीचा. त्यामुळे परदेशात कच्चा माल महागला की वाढीचा काही भाग तुमच्या खिशातून जातो. पोटॅश तर आपल्याला बाहेरूनच आणावं लागतं. डीएपीला सरकारने वेळोवेळी जादा मदत दिली, म्हणून ५० किलोची गोणी १३५० रुपयांवर टिकली. ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य (पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या) खतांना आणि बाटलीतल्या नॅनो युरियाला हे अनुदान नाही.

अनुदान तुमच्या खात्यात येत नाही, कंपनीला मिळतं, आणि तेही दुकानातल्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवायच्या यंत्रावर) विक्रीची नोंद झाल्यावर. अंगठा घेतो तो त्यासाठी. तुमच्या नावावर जेवढ्या गोण्या चढल्या तेवढ्याच गाडीत आहेत ना, हे बिलावर पाहून घ्या. दुसऱ्याच्या गोण्यांसाठी अंगठा देऊ नका, ओळखीचा असला तरी. शेतीसाठीचा स्वस्त युरिया दुसऱ्या उद्योगांच्या कारखान्यांकडे वळतो तो अशाच नोंदींच्या आडून, आणि ऐन हंगामात टंचाई तुम्हाला सोसावी लागते.

गोणीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. "युरिया हवा तर ही बाटलीही घ्या" अशी अट कुणालाही घालता येत नाही. असं एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणं, म्हणजे लिंकिंग, आम्ही करत नाही. कुठे झालंच, तर बिल घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

आता जरा मनातलं. युरिया स्वस्त, म्हणून उसाला, कांद्याला तो जास्त पडतो, हे आम्ही रोज पाहतो आणि वाईट वाटतं. पीक हिरवंगार दिसतं, पण लुसलुशीत वाढीवर कीड येते आणि कांदा चाळीत टिकत नाही. डीएपीच्या एका गोणीत ९ किलो नत्र असतं, म्हणजे जवळपास २० किलो युरियाएवढं. डीएपी टाकलं असेल, तर तेवढा युरिया कमी करा. डीएपी मिळालं नाही तर अडून राहू नका. सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि २० किलो युरिया घेतला की तेवढंच नत्र-स्फुरद मिळतं, शिवाय कांद्याला, सोयाबीनला हवं असलेलं गंधकही जातं.

येताना आधार कार्ड आणि माती परीक्षणाचा अहवाल आणा. अहवाल नसेल, तर पेरणीआधी शेताच्या आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो घेऊन या. नमुना कुठे द्यायचा ते आम्ही सांगू.