खानेसुमारीतून पूर्वजांचा शोध (मराठवाडा)

जुन्या खानेसुमारीच्या व तिला जोडून असलेल्या सरकारी दप्तराच्या आधारे घराण्यातील मागच्या पिढ्यांची नावे, गाव व जात शोधण्याचा प्रघात. मराठवाड्यात हौसेपेक्षा जातप्रमाणपत्राच्या गरजेपोटी हा शोध घेतला जातो. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी तपासायला घेतल्यावर तो गावोगाव पोचला.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात पहिली खानेसुमारी (उर्दू दप्तरात ‘मर्दुमशुमारी’) 1881 साली झाली. तिचे छापील अहवाल मिळतात, पण त्यांत जिल्हा, धर्म, जात यांची नुसती डोकी मोजलेली. पणजोबांचे नाव तिथे सापडायचे नाही. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार तर व्यक्तीची नोंद पाहताही येत नाही. नावे मिळतात ती 1951 च्या जनगणनेवरून केलेल्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरात. त्यामागे जायचे तर खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही ही जमिनीची दप्तरे, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर चाळावे लागते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही कामी येतात, आणि कित्येकदा त्याच जास्त बोलक्या निघतात.

जिल्हा चुकला की शोध फसतो. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत होते, जालना 1981 पर्यंत औरंगाबादेत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पूर्वी बीदरमध्ये. तारखा फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेत असतात: इसवी सनासाठी त्यात 591 मिळवावेत, मात्र वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने पहिल्या महिन्यांना एक वर्ष कमी धरावे. ‘बहमन (तिसरा महिना) 1340’ म्हणजे 1930 च्या डिसेंबरचा सुमार.

खरी कसोटी वाचनात. दप्तर उर्दूत, मोडीत, क्वचित फारसीत. आडनाव बहुधा नसतेच. ‘बापू वल्द सटवा’ (सटवाचा मुलगा बापू) एवढ्यावर भागवलेले. त्यात घाईच्या शिकस्ता लिपीत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गाळले की बाबू, बापू आणि नानू ही तिन्ही नावे कागदावर हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून जाणकार वाचक कागद उघडण्याआधीच विचारतो, “आजोबाच्या बापाला घरात काय म्हणत होते?”