कांपालच्या दहा पदकांआधी: रोममधील एका वेळेचा वाद

गोव्यात २०२३ साली झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, पणजीतील कांपालच्या जलतरण तलावावर, बंगळूरच्या श्रीहरी नटराज या बॅकस्ट्रोकपटूने (पाठीवर पोहणाऱ्या जलतरणपटूने) आठ सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य अशी दहा पदके मिळवली आणि तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडू ठरला. ३६वी स्पर्धा गोव्यात व्हायची होती, ती वारंवार लांबणीवर पडून अखेर गुजरातेत गेली. त्यामुळे उशिरा हाती आलेल्या यजमानपदाचे कौतुक इथे जास्त होते आणि पदकांचा हा आकडाही तोंडोतोंडी झाला. मात्र बॅकस्ट्रोकच्या वैयक्तिक शर्यती ५०, १०० आणि २०० मीटर अशा तीनच असतात. म्हणजे दहापैकी बहुतेक पदके इतर प्रकारांतली आणि रिलेमधली होती, हे त्या कौतुकात फारसे कोणी पाहिले नाही. या जलतरणपटूची खरी इयत्ता कळते ती त्याआधी दोन वर्षे रोममध्ये नोंदवलेल्या एका वेळेवरून, आणि ती वेळ ग्राह्य धरावी की नाही यावरून पडलेल्या प्रश्नावरून.

ऑलिंपिकमध्ये पाठीवरची शर्यत १९०० पासून आहे. १९८८ च्या सोलमध्ये काही जलतरणपटूंनी सुरुवातीचा मोठा भाग पाण्याखालूनच कापल्यावर त्यावर मर्यादा आली आणि १९९१ पासून ती १५ मीटर झाली. भारतापुरते बोलायचे तर १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत १०० मीटर बॅकस्ट्रोकचे कांस्य मिळाले होते. त्यानंतरचा मोठा काळ देशांतर्गत विक्रमांचाच होता.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रतेचे तीन मार्ग होते, आणि वृत्तपत्रांनी तिन्हींना सरसकट ‘पात्र’ म्हणून बराच गोंधळ करून ठेवला. ‘अ’ वेळ गाठली की थेट प्रवेश. पुरुषांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकसाठी ती ५३.८५ सेकंद होती. तिच्याहून तीन टक्के संथ अशी ‘ब’ वेळ गाठणाऱ्याला जागा उरल्यास निमंत्रण मिळू शकत असे. तिसरा युनिव्हर्सॅलिटी कोटा, ज्यातून एका देशाचा एक पुरुष आणि एक महिला जाऊ शकते, परंतु त्या गटात देशाचे दुसरे कोणी पात्र ठरलेले नसेल तरच. राष्ट्रीय महासंघाने पुरुषांमधून श्रीहरीचे नाव या कोट्यासाठी पुढे केले होते. २६ जून २०२१ रोजी रोममधील स्पर्धेत केरळच्या एका जलतरणपटूने २०० मीटर बटरफ्लायची ‘अ’ वेळ १ मिनिट ५६.३८ सेकंदांत गाठली. भारतीय जलतरणात असे पहिल्यांदाच घडत होते, पण सहकाऱ्याच्या या यशाने पुरुषांसाठीची कोट्याची वाट बंद झाली. पात्रतेची मुदत दुसऱ्याच दिवशी, २७ जूनला संपत होती.

त्या दिवशी श्रीहरीने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ सेकंदांची वेळ दिली, पण ती स्पर्धेच्या नियमित शर्यतीत नव्हे तर टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे केवळ वेळ नोंदवण्यासाठी घेतलेल्या चाचणीत. प्रश्न उभा राहिला तो इथेच. पात्रता वेळ मान्यताप्राप्त स्पर्धेतच नोंदवलेली असावी लागते. मग त्या स्पर्धेला जोडून घेतलेली ट्रायल तिचा भाग मानायची का? महासंघाने दाद मागितली आणि जलतरणाच्या जागतिक संघटनेने काही दिवसांतच ती वेळ मान्य केली. निर्णय योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तलाव तोच होता, आणि घड्याळापुढे एकट्याने पोहणे हे चुरशीच्या शर्यतीपेक्षा सोपे तर नक्कीच नसते. आक्षेप घ्यायचा तर तो अशा ट्रायलचा दर्जा खेळाडू पाण्यात उतरण्याआधीच निःसंदिग्धपणे ठरलेला नव्हता, याला घ्यायला हवा.

निकषाहून ही वेळ सेकंदाच्या आठ शतांशांनी सरस होती. त्या वेगात एवढ्या अवधीत शरीर जेमतेम पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही पुढे सरकत नाही. बॅकस्ट्रोकपटूला भिंत दिसत नाही. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे डोक्यावर टांगलेल्या पताका दिसल्या की तो हात मोजू लागतो आणि ठरलेल्या हाताला भिंतीला स्पर्श करतो. तो शेवटचा हात आखूड पडून थोडे घसरत जावे लागले, तरी एवढा फरक सहज जातो.

टोकियोत त्याने ५४.३१ सेकंद वेळ दिली आणि तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये गुजरातची एक बॅकस्ट्रोकपटू युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून उतरली होती, आणि दोघांची निवड एकाच मापाने मोजणाऱ्या बातम्या तेव्हा सर्रास छापून आल्या. पुढे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५० आणि १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या अंतिम फेऱ्या गाठल्या. कांपालला येण्याच्या महिनाभर आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही तो अंतिम फेरीत होता, पण पदक मिळाले नाही.

पॅरिस ऑलिंपिकसाठीची ‘अ’ वेळ ५३.७४ सेकंद ठरली, म्हणजे रोममधली वादातून सुटलेली वेळही तीन शतांशांनी कमी पडली असती. २०२४ ला तो युनिव्हर्सॅलिटी कोट्यातूनच गेला आणि ५५.०१ सेकंदांसह तेहतिसावा आला. त्यानंतर २०२५ च्या अहमदाबादमधील आशियाई जलतरण स्पर्धेत त्याने २०० मीटर फ्रीस्टाइल आणि ५० मीटर बॅकस्ट्रोक अशी दोन रौप्ये मिळवली. ५० मीटर बॅकस्ट्रोक ऑलिंपिकमध्ये आजवर नव्हती. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ती पहिल्यांदा होणार असून तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा असेल.